गफूर, ती फरदड कवडीच होती

गफूर, तुला माती देऊन आलो त्याला आज बारा दिवस झाले. तुझी नसीम म्हणाली, "काका, अब्बूंच्या पानावर तुम्ही लिहा. दुसऱ्या कोणाला मी सांगणार नाही." म्हणून नातीची उरलेली वही घेऊन ओट्यावर उन्हात बसलो आहे. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं लिहायचं म्हणजे एकट्यानं एक एकर निंदायचं. मी लिहितो, ती टाईप करणार. तिला सांगितलं, शुद्धलेखन सुधार, मजकुराला हात लावू नको. तर म्हणते, "अब्बूची पोरगी आहे मी, काका. मजकुराला आमच्यात कोणी हात लावत नाही." तिचं बोलणं सगळं तुझ्यावरच गेलेलं.

तुझं खानदान, तुझा जन्म, तू जन्मभर किती गाद्या भरल्या, हे मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांना ते घेऊन काय करायचं.

पहिल्यांदा हे सांगतो की मला हलकं वाटून राहिलं आहे. दोस्त गेला आणि म्हातारा हलका झाला म्हणतो, हे वाचून लोक नावं ठेवतील. ठेवू दे. तुझ्या पानावर एकदा खोटं लिहून पाहिलं, त्याची चव अजून तोंडात आहे. दुसऱ्यांदा लिहिणार नाही. रडलोही आहे, ते घरच्यांनी पाहिलं आहे. पण रडून झाल्यावर जे राहिलं ते दुःख नाही गड्या. पाठीवरचं पोतं उतरवल्यावर माणूस दोन मिनिटं नुसता उभा राहतो ना, तसं काहीतरी आहे.

नवीन वाचणाऱ्यासाठी पान म्हणजे काय ते सांगावं लागेल. तू त्याला मोठं नाव ठेवलं होतं, पण मोताळ्यापासून घाटावरपर्यंत सगळे गफूरचं पानच म्हणतात. मोताळ्याच्या बाजाराच्या वाटेवर तुझं दुकान. सरकी काढायचं एक लहान मशीन, पिंजायचं एक, आणि तुझ्या भुवयांवर बारा महिने कापूस. लोक लग्नाच्या गादीसाठी घरचा कापूस घेऊन यायचे. त्या वर्षांत आपल्याकडे एकमेकांशी पिकाबद्दल खरं बोलायचं बंदच झालं होतं. ज्याला कमी झालं तो लाजेनं जास्त सांगायचा. ज्याला जास्त झालं तो नजर लागेल म्हणून कमी सांगायचा. बीटी बियाणं आल्यापासून तर दरसाल नवीन पिशवी, नवीन चित्र. कोणतं बियाणं चांगलं हे बियाणंवाल्यालाच विचारायला लागायचं, कारण शेजाऱ्याच्या वावरात काय झालं हे शेजारी सांगायचा नाही. दोन वावरांच्या मधे एक बांध, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही.

तुला मात्र सगळं ठाऊक. चौकात माणूस म्हणायचा, "एक नंबर माल आहे," आणि त्याच मालाचं पोतं तुझ्यापुढं उघडं पडायचं. तू एकदा मला म्हणाला, "सुपडू, साऱ्या तालुक्याचं खोटं माह्या दुकानात येऊन पडते बे. मी तं दबून जाईन याच्याखाली."

मग नसीमनं तुला फोन आणून दिला आणि तू त्यावर पान काढलं, कोणीही आपल्या फोनवर उघडून वाचावं असं. लोकांना वाटलं पहिल्यांदा काहीतरी देवाचं नाव, नमस्कार, शुभेच्छा असं येईल. तू काय लिहिलं? लिहिलं की आठ वर्षांपूर्वी खालच्या आळीतल्या एका बाईच्या नव्या गादीत मी जुन्या फाटक्या गादीचा कापूस मिसळला होता, ते मी आज तिला जाऊन सांगितलं आणि नवी गादी भरून दिली. खाली नाव, गाव, दुकानाची खूण. आठ दिवस सारा बाजार तुला हसत होता. मीही हसलो. म्हटलं, "बुढ्याले उन्ह लागलं." नवव्या दिवशी पिंपळगावचा एक माणूस दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "भाई, माहीबी एक नोंद घ्या. औंदा माह्या वावरात झाडं उभे वाळले, अन् मी लोकायले सांगितलं का लय पिकलं."

तिथून सुरू झालं. तू मशीन बंद करून वही घ्यायचा, माणूस बोलायचा, तू लिहायचा. मग सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. "ऐक, हे तुहंच आहे ना?" तो हाव म्हणेपर्यंत पानावर जायचं नाही. आपल्या वावरात झालं तेच सांगायचं, ऐकलेलं नाही. नाव द्यायचं, बियाणं सांगायचं, जमीन हलकी का भारी ते सांगायचं. फोटो मधल्या ओळीतल्या झाडाचा. कारण रस्त्याकडची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, सगळ्यांचीच चांगली असते. आणि सगळ्यात मोठा नियम, जो तू कोणासाठी मोडला नाही: ज्यानं लिहिलं त्यानंच दुरुस्त करायचं. दुसऱ्याचं कोणी खोडायचं नाही.

त्या पानानं काय झालं ते मी पाहिलं आहे. एकाच पिशवीचं बियाणं चार गावांत कसं निघालं हे लोक एकमेकांना विचारायला लागले. मोताळ्याचा माणूस देऊळगाव राजाकडच्या माणसाला ओळखायला लागला, दोघांनी एकमेकांचं तोंड न पाहता. बाजारच्या दिवशी तुझ्या दुकानात बसायला जागा राहायची नाही. गादी भरायला आलेल्या बायका म्हणायच्या, "भाई, ह्या माणसायले उठवा, आमचा कापूस कुठं ठेवू?" मी रोज येऊन बसायचो, पण नोंद द्यायचो नाही. मी गावात पहिल्यांदा बीटीची पिशवी आणणारा माणूस. माझी पऱ्हाटी पाहायला लोक सायकलीवर यायचे. मी काय नोंद द्यायची, लोकांनी माझ्याकडून घ्यायची, असा माझा तोरा.

आणि पहिली नोंद दिली ती खोटी दिली.

फरदडीची गोष्ट. ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. कापसाच्या दोन-तीन वेचण्या झाल्या की डिसेंबर संपताना पऱ्हाटी उपटायची असते. पण पाणी असलं तर माणूस लोभानं ती उभी ठेवतो, परत पाणी देतो, परत बोंडं येतात, मार्चापर्यंत वेचतो. ती फरदड. गुलाबी अळी यायच्या आधी त्यात फायदा होता. अळी आल्यापासून ती फरदडीतच मुक्काम करते आणि पुढच्या पेरणीला साऱ्या शिवाराच्या पाहुणचाराला निघते. पानावर तेव्हा त्याच्यावरच बोलणं चाललं होतं. एकानं लिहिलं, फरदड ठेवू नका. मी दुकानात चार माणसांसमोर म्हटलं, "ज्यायले शेती जमत नाही त्यायनं उपटावं. मी होळीपर्यंत उभी ठेवून दाखवतो."

ठेवली. सगळी सडली. बोंडं उमललीच नाहीत, जी उमलली त्यातून कवडी निघाली, म्हणजे अळीनं खाल्लेला पिवळा, कडक कापूस. पण चार माणसांसमोर बोललो होतो ना. तुझ्या दुकानात यायची हिंमत झाली नाही, सोयऱ्याच्या फोनवरून नोंद पाठवली. चांगली फरदड निघाली, अळी नाही, कवडी नाही. फोटो रस्त्याकडच्या झाडाचा, तोही दिवाळीतला. तू फोन करून विचारलं, "हे तुहंच आहे ना?" मी म्हटलं, "हाव." पानावर गेलं.

आता माझी अक्कल पाहा. तो कवडी कापूस कोणी घेईना. नातीचं लग्न उन्हाळ्यात. मी विचार केला, गादीच्या आत कोण पाहतं. आणि ते पोतं घेऊन आलो कोणाकडे, तर तुझ्याकडे.

तू मूठभर कापूस मशीनमधे टाकला आणि लगेच मशीन बंद केलं. खाली पडलेली सरकी उचलून माझ्या हातावर ठेवली. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. अळी अशा दोन सरक्या जोडून मधे घर करते.

"सुपडू, हा कापूस कोणता बे?"

"वावरातला. कोणता म्हणजे?"

"फरदडीचा ना?"

"असंल."

"मंग पानावर काय लिहिलं तू?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तरी मला वाटलं सारा बाजार उभा आहे. मी म्हटलं, "तू पिंजारी आहे. गादी भर. शेती मले नोको शिकवू."

तू रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "शेती नाही शिकवून राह्यलो. तुहं लिहिलेलं तू दुरुस्त कर, एवढंच म्हणतो."

"नाही करत."

"मंग राहू दे. मी खोडत नाही. ज्याचं त्यानं."

पन्नास वर्षांची दोस्ती, आणि त्या दिवशी मी पोतं तिथंच टाकून तुझ्या दुकानाची पायरी उतरलो ते दोन हंगाम चढलो नाही. बाजाराला जायचो तर शाळेमागच्या गल्लीनं. तू नातीच्या लग्नात आलास, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, पंगतीत बसला, माझ्याकडे पाहून हात जोडले. मी पाण्याचा जग घेऊन दुसऱ्या ओळीत निघून गेलो. तू भरून आणलेली गादी मात्र मऊ होती. माझ्या पोत्यातलं एक बोंड तू त्यात घातलं नव्हतं, हे मला हात फिरवल्याबरोबर समजलं. तेही मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो. पोरगी सासरी त्याच गादीवर झोपते आणि म्हणते, आबा, अशी गादी आमच्या गल्लीत कोणाकडे नाही.

दोन हंगाम मी लोकांना सांगत फिरलो की पान काही खरं नाही. खोटं लिहिणारा मी, आणि खोटं म्हणायचो पानाला. तू कोणाला एक शब्द सांगितला नाही. मला ते तेव्हा तुझं मोठेपण वाटायचं आणि त्याचाच जास्त राग यायचा.

यंदा दिवाळीनंतर एक बाई आमच्या दारात आली. पस्तीस-चाळीसची, खांद्याला पिशवी. "सुपडाबाबांचं घर हेच का?" दुर्गाबाई तिचं नाव, देऊळगाव राजाकडची. नवरा जालन्याला कंपनीत कामाला, सुटीच्या दिवशी घरी येतो, शेती ही पाहते. दोन बस बदलून, पानावरचं गाव-नाव विचारत विचारत आली होती. मला वाटलं, भांडायला आली. मी तयारच होतो.

ती भांडली नाही. सून पाणी देत होती तेवढ्यात पिशवीतून वही काढून म्हणाली, "बाबा, तुमची नोंद वाचून मी फरदड ठेवली. तुम्ही लिहिलं तसंच केलं. तुमचं जमलं, माझं नाही जमलं. सगळा कवडी झाला. आणि यंदा माझ्या शेतात अन् शेजारी दिराच्या शेतात अळी श्रावणातच आली. माझ्याकडून काय चुकलं तेवढं सांगा. पाणी कधी दिलं, खत किती टाकलं, सगळं लिहून आणलंय."

वही माझ्या मांडीवर ठेवली. एकेका तारखेला काय केलं ते लिहिलेलं. मी इतकी वर्षं शेती केली, एवढं नीट कधी केलं नाही.

आणि गफूर, मी तिला काय सांगितलं? म्हटलं, "तुमची जमीन हलकी असंल. पाणी एखादं चुकलं असंल." ती मान हलवत होती, लिहून घेत होती. जाताना सुनेला म्हणाली, "ताई, बाबांना त्रास दिला. पण बरं झालं आले. आता दीर म्हणतात शेतीचं सगळं मीच बघतो, बाईच्या हातात काही देत नाही. त्यांचं तरी काय चूक, माझ्यामुळं त्यांचंही गेलं."

ती फाटकाबाहेर गेली आणि सून मला म्हणाली, "आबा, आपल्यातबी तं कवडीच होता ना?"

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडली. तुझं दुकान बंद होतं. लोक म्हणाले, छातीत कापूस बसला, नसीम बुलढाण्याला घेऊन गेली. शाळेमागच्या गल्लीनं जाणाऱ्या माणसाला एवढंही माहीत नव्हतं.

नसीमच्या घरी तू खिडकीपाशी बाजेवर बसलेला. अर्धा झाला होता. मला पाहून तू काय म्हणावं?

"घाटात उलटी झाली का बे?"

"नाही."

"लहानपणी तं व्हायची."

बस. दोन हंगामांचा हिशेब तेवढ्यात मिटला तुझ्याकडून. माझ्याकडून नव्हता मिटला. मी खाली बसलो आणि म्हटलं, "गफूर, ते खोड."

"काय?"

"माही नोंद." आणि दुर्गाबाईचं सगळं सांगितलं.

तू डोळे मिटून ऐकलं. मग म्हणालास, "खोडलं तं तिले काय समजंल? तिले वाटंल मशीन बिघडलं. खोडत नाही. त्याच्याखाली लिही."

"मले लिहिता येत नाही."

"चौथीत सगळ्यात चांगलं अक्षर कोणाचं होतं बे? मास्तर तुही पाटी वर्गात फिरवायचे. नसीम, कागद दे याले."

लिहायला अर्धा तास लागला. सहा ओळी. मी पेन खाली ठेवला, तू चष्मा लावून वाचलं.

"'थोडा कापूस कवडी निघाला.' थोडा निघाला होता?"

मी पेनाला टोपण लावलं.

"किती निघाला होता, सुपडू?"

"सगळा."

"मंग सगळा लिही."

तो एक शब्द खोडून दुसरा लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढा बाकीच्या सहा ओळींना लागला नव्हता. नसीमनं कागदाचाच फोटो काढून माझ्या नोंदीखाली टाकला. खाडाखोड सगळी दिसत होती. मी म्हटलं, "नीट कागदावर लिहून देतो." तू म्हणालास, "असू दे. लोकायले दिसू दे का जड जाते."

पण मी काही नुसता माफी मागायला आलो नव्हतो, हे तुला माहीत आहे. माझी तुझ्यावरची तक्रार मी तिथंच सांगितली आणि इथंही लिहितो. तुला माहीत होतं. सरकी तुझ्या हातात होती. तू तुझा नियम धरून बसला, आणि इकडे ती बाई माझं खोटं वाचून पाणी देत राहिली. मी खोटा, ते आहेच. पण तू गप्प काऊन बसला? माझी लाज राखली ना तू? आणि माझी लाज तिच्या वावराएवढी महाग पडली.

तू चष्मा काढून उशाशी ठेवला. मग म्हणाला, "हाव. ते माहं चुकलं."

"मंग लिही."

"लिहितो. दम येऊ दे जरा."

ते तुझं लिहायचं राहिलं. तुझ्या नियमानं तुझी दुरुस्ती मला करता येत नाही. म्हणून ही दुरुस्ती नाही, माझी तक्रार आहे, माझ्या नावानं. मी नसीमला म्हटलं, नियम बदल. दुसऱ्याचं खोडू नये हे खरं, पण ज्याला वेगळं ठाऊक आहे त्यानं खाली आपल्या नावानं लिहावं, गप्प बसू नये. ती म्हणते, "मग लोक एकमेकांची उणी काढत बसतील, काका." मी म्हणतो, काढू दे. ती म्हणते, अब्बूंनी असं केलं नसतं. मी म्हणतो, अब्बूनं ते चुकलं म्हणून सांगितलं, मी समोर होतो. भांडण चालू आहे. तुझ्यामाघारी मला भांडायला कोणीतरी आहे, हे बरं आहे.

त्यानंतरचे नऊ दिवस तू मला रोज फोन केला. पहिला जबाब आला तो एका टवाळाचा, "सुपडाबुवा, दोन वर्षं झोपले होते काय?" तू तो मला वाचून दाखवला आणि इतका हसला की खोकला लागला. मी म्हटलं, "हसू नोको, मरशीन." तू म्हणाला, "हसून मेलो तं तुह्या नावानं नोंद टाकंन." मग हळूहळू दुसरे आले. माझीबी कवडी होती. माझीबी. मी तर फोटो दुसऱ्याच्या वावराचा टाकला होता. तू एकेक नाव वाचायचा आणि मी ओळखायचा प्रयत्न करायचो की हा तुझ्या दुकानात कोणत्या कोपऱ्यात बसायचा. सगळेच होते रे. आम्ही सगळे तिथं शेजारी शेजारी बसून एकमेकांना खोटं ऐकवत होतो, आणि प्रत्येकाला वाटायचं आपण एकटेच आहोत.

दुर्गाबाईचा मात्र जबाब नाही. मी म्हटलं, मी तिच्याकडे जातो. तू म्हणाला, "पानावर सगळ्यायले सांगितलं ना बे. वाचंल ते." मी म्हटलं, "ती माह्या दारात आली होती." तू म्हणाला, "जा मंग. पण तिथं जाऊन भाषण नोको देऊ."

ते तुझं शेवटचं बोलणं माझ्याशी. दुसऱ्या दिवशी सकाळी नमाज झाल्यावर तू चहा मागितला आणि नसीम चहा घेऊन येईपर्यंत गेला. कोणाला बोलावलं नाही, तडफडला नाही. ती म्हणाली, चहा निवला नव्हता, काका. गफूर, छातीत तेवढा कापूस घेऊन महिनोन्‌महिने घुसमटलेली माणसं मी पाहिली आहेत. तू सुटला, आणि मला त्या बातमीनं पहिल्यांदा बरं वाटलं, मग रडू आलं. हाच क्रम होता. अजून महिनाभर उशीर केला असता तर माती द्यायला कोणत्या तोंडानं आलो असतो, हा विचार करतो आणि पेन खाली ठेवतो.

पाचव्या दिवशी मी देऊळगाव राजाची बस पकडली. पुढं एका गाडीवाल्यानं तिच्या गावात सोडलं. ती शेतातच होती, तिथं गेलो. दीर बाजूच्या शेतात वेचणीच्या बायकांजवळ उभा. तिनं मला पाहिलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला, पण हसली नाही. म्हणजे वाचलं होतं.

मी भाषण दिलं नाही. म्हटलं, "बाई, मी तुम्हाला दोनदा खोटं सांगितलं. एकदा पानावर, एकदा माझ्या ओट्यावर. तुमचं काही चुकलं नव्हतं. तुमची वही बरोबर होती. फरदडच चुकीची होती."

ती म्हणाली, "दुसऱ्या वेळचं का सांगितलं, बाबा? तेव्हा तर मी समोर बसले होते."

मी म्हटलं, "ते मलाच समजलं नाही, बाई." अजूनही नाही.

ती बराच वेळ बोंडं वेचत राहिली. मला वाटलं, आता जायला सांगणार. मग ओटी सावरून म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग. मला माझं ठाऊक झालं पानावर वाचून. चला, भाऊजींना सांगा."

तिचा दीर माझ्या पोराच्या वयाचा. बांध ओलांडून त्याच्यासमोर उभा राहिलो आणि वेचणीच्या बायकांच्या देखत परत सगळं सांगितलं. सगळा कवडी होता, हेही सांगितलं. तो माझ्याकडे पाहत होता, मग तिच्याकडे, मग खाली. शिवी देईल म्हणून मी वाट पाहत होतो. दिली असती तर घेतली असती.

त्यानं पागोटं काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "वहिनी, मग आता काय करायचं? उपटायची का ठेवायची?"

"उपटायची," ती म्हणाली. "तुमची अन् माझी एकाच दिवशी. एकाची उभी राहिली तर काही उपयोग नाही."

"कधी?"

"ही वेचणी झाली की. सोमवारी."

तो म्हणाला, "बरं." आणि बायकांना सांगायला लागला की सोमवारी माणसं लागतील.

मी निघायला वळलो. ती बांधापर्यंत आली. पाणी दिलं. मग विचारलं, "बाबा, तुमची उपटली का?"

गफूर, तुझं आजारपण, तुझी माती, पाहुणे, यात राहून गेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मनात थोडा लोभही होता की अजून एक पाणी देऊन पाहू. दोन एकर उभी होती. मी म्हटलं, "नाही अजून."

तिनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

"मग इथं काय करताय," म्हणाली. "जा की."

मी गेलो.